कागदाच्या चार पायऱ्या



पत्रलेखन शिकवितांना गुरुजी प्रथम मायना शिकवितात. वर 'श्री', एका बाजूस स्थळ व दिनांक, मग ज्यास पत्र लिहावयाचें त्याच्या नात्याप्रमाणें 'तीर्थरूप', 'चिरंजीव' किंवा 'राजमान्य राजश्री', नंतर नमस्कार वा आशीर्वाद, त्यापुढें मजकूर आणि शेवटीं सही. मजकुरांत काय लिहावें हें मायना सांगत नाहीं. कोणती गोष्ट कोठें यावी, कोणती आलीच पाहिजे व कोणती न आली तरी चालेल, एवढेंच तो सांगतो. मायना हा पत्राचा सांगाडा होय.

आज बहुतेक कागदपत्रें संगणकावर तयार होतात. तेथेंही असा सांगाडा लागतो व त्यास 'स्कीमा' असें म्हणतात. स्कीमा लिहिण्याच्या भाषा एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं कोणती चांगली, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. आमच्या मतें प्रश्न निराळा विचारावयास हवा. कागद तयार होत असतां तो अनेक पायऱ्या चढतो. त्यांतील कोणत्या पायरीवर कोणती भाषा योग्य, हें पाहिलें पाहिजे. या लेखांत आम्ही तेंच समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहों.

विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. म्हणून आधीं घरांतीलच एक उदाहरण घेऊं.

१ जूनची गोष्ट

आपल्या आजोबांस व आजीस त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. पुष्कळांचें उत्तर '१ जून' असें येईल. भोर व वेल्हे यांच्या डोंगरखोऱ्यांतच नव्हे, तर महाराष्ट्रांतील बहुतेक खेड्यांत हा अनुभव येतो. इतकीं मुलें एकाच दिवशीं जन्मास आलीं नव्हतीं हें उघड आहे. मुलाचें नांव शाळेंत घालतांना आईबापांस नेमकी तारीख सांगतां येत नसे. 'आखाडांत झाला, तेव्हां नदीला पूर होता,' एवढें आईस पक्कें आठवे. परंतु दाखल-पुस्तकांत तारखेचा रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हां शाळेचें वर्ष सुरू होण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख तेथें लिहिली जाई.

परिणाम काय झाला? आईनें सांगितलेली खरी हकीकत कोठेंच उतरली नाहीं आणि कोणीही न सांगितलेली तारीख जन्माची सोबतीण झाली. नोकरी, बढती, निवृत्ति, पेन्शन हीं सर्व तिच्यावर ठरलीं. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं निवृत्त होतो. म्हणून महाराष्ट्रांत ३१ मे या दिवशीं निवृत्त होणाऱ्यांची संख्या नेहमीं मोठी असते.

येथें सांगणारी खोटी नव्हती, लिहिणाराही लबाड नव्हता. 'तारीख पूर्ण हवी' हा नियमही वाईट नाहीं. तो चुकीच्या पायरीवर बसविला होता, एवढाच दोष. ज्याच्यापाशीं उत्तर नाहीं त्याच्यापुढें सक्तीचा रकाना ठेवला म्हणजे तो उत्तर तयार करतो. हें सूत्र ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

भोरचा जुना धडा

कागदाच्या पायऱ्या ओळखण्याची विद्या आपल्या भोरास परकी नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तोंपर्यंत येथील अधिपति 'पंतसचिव' या नांवानें ओळखले जात. हें सचिवपद अष्टप्रधानांतील होय. १६७४ सालीं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या वेळीं तें अण्णाजी दत्तो यांजकडे होतें. पूर्वीं त्यास 'सुरनीस' म्हणत. पुढें राजाराम महाराजांच्या काळांत तें शंकराजी नारायण यांस मिळालें व त्यांच्याच वंशांत राहिलें. त्यांची समाधि भोरजवळ आंबवडें येथें आहे.

सचिवाचें काम काय असे? राजपत्र तयार झालें म्हणजे तें वाचून पाहावयाचें, त्यांत कांहीं राहिलें किंवा जास्त झालें असेल तर तें दुरुस्त करावयाचें, आणि मग आपली संमतीची खूण करावयाची. पत्राचा मजकूर चिटणीस लिही. सर्वांच्या शेवटीं, येथें पत्राची मर्यादा संपली असें दाखविणारी मोर्तब उमटे, म्हणजे तिच्याखालीं कोणास एक अक्षरही जोडतां येऊं नये.

पाहा, कागद एकच, परंतु प्रत्येक हातीं त्याला विचारलेला प्रश्न निराळा. सांगितलेलें शब्दांत उतरलें कीं नाहीं, हें चिटणीसानें पाहावयाचें. उतरलेलें एकमेकांशीं जुळतें कीं नाहीं, हें सचिवानें पाहावयाचें. पुढें कांहीं बदल होऊं नये, याची काळजी मोर्तबेनें घ्यावयाची. मोर्तब आधीं करून मजकूर मागाहून लिहिला, तर सर्वच व्यर्थ.

आजचा सातबाराही असाच पायऱ्या चढतो. जमिनीचा हक्क बदलला म्हणजे गांवचा तलाठी फेरफार नोंदवितो. संबंधितांस नोटीस जाते व हरकतीस मुदत मिळते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच ती सातबाऱ्यावर चढते. नोंदविणें व प्रमाणित करणें हीं दोन कामें वेगळीं ठेवलीं आहेत, यांतच शहाणपण आहे.

संगणकावरील कागद

आतां मूळ विषयाकडे वळूं. मजकुराच्या प्रत्येक भागास नांवाची खूण लावून ठेवण्याची एक पद्धति आहे, तिला 'एक्सएमएल' म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध केली. १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली 'एसजीएमएल' ही तिची जननी. या पद्धतींत खुणांचीं नांवें देवनागरींतही देतां येतात. उदाहरणार्थ:

<कागद>
<गांव>आंबवडें</गांव>
<मिती>शके १७७० कीलक नाम संवत्सरे</मिती>
<मजकूर>...</मजकूर>
<नकलकार>...</नकलकार>
</कागद>

हा कागद आम्हीं केवळ समजुतीसाठीं रचला आहे. उघडलेली प्रत्येक खूण बंद झालीच पाहिजे, हा एक्सएमएलचा पहिला नियम. तो सर्व पायऱ्यांवर सारखाच लागू आहे. मात्र 'कागद' या खुणेच्या आंत काय काय यावें, किती वेळां यावें व कोणत्या क्रमानें यावें, हें ठरविण्याचें काम स्कीमाचें.

समजा, भोर व वेल्हे तालुक्यांतील विद्यार्थ्यांनीं आपापल्या घरच्या जुन्या कागदांची वही तयार करावयाचें मनांत आणलें. माळ्यावरच्या पेटींतून मोडी कागद निघतील. कांहीं वाळवीनें खाल्लेले, कांहीं पावसानें भिजलेले. त्यांची नक्कल करावयाची, ती तपासावयाची, यंत्राच्या नोंदवहींत चढवावयाची आणि अखेर पुस्तकरूपानें छापावयाची. या चार पायऱ्यांवर चार भाषांचा उपयोग कसा होतो तें पाहूं.

पहिली पायरी: नक्कल

येथें बसलेल्या मुलापुढें फाटका कागद आहे. मिती कधीं वर असते, कधीं शेवटीं; कधीं ती फाटून गेलेली असते. कोठें शके, कोठें फसली सन, कोठें सुहूर सन व मुसलमानी महिन्याचा चंद्र. या मुलास 'इसवी सनाची पूर्ण तारीख लिही' असें बजाविलें, तर दुसरी '१ जून' जन्मास येईल!

म्हणून येथें सैल पण स्पष्ट असा सांगाडा हवा. त्यास 'रिलॅक्स एनजी' ही भाषा योग्य. जेम्स क्लार्क व मुराता माकोतो या दोघांच्या निरनिराळ्या भाषा एकत्र करून ती २००१ सालीं तयार झाली व २००३ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरली. 'अमुक भाग कोणत्याही क्रमानें आले तरी चालतील' असें तिच्यांत सहज सांगतां येतें. 'मिती असेल, किंवा मिती नाहीं असा शेरा असेल; दोहोंपैकीं एक' असेंही सांगतां येतें. शिवाय तिचें एक संक्षिप्त लेखन आहे, तें थोड्या सरावानें शाळकरी मुलासही वाचतां येईल.

या पायरीवर सक्ती दोनच गोष्टींची असावी: जसें दिसतें तसें लिहिलेला मजकूर, आणि नक्कल करणाराचें नांव. या दोहोंचें उत्तर त्या मुलापाशीं निश्चित आहे. न लागलेल्या अक्षरासाठीं 'वाचतां येत नाहीं' अशी खूण ठेवावी. 'वाचतां येत नाहीं' असें लिहिण्याची मोकळीक ज्या सांगाड्यांत नाहीं, तो अंदाजास सत्याचा वेष देतो.

दुसरी पायरी: तपासणी

हें सचिवाचें आसन. येथें बसलेला मनुष्य जाणता आहे. त्यानें एका भागाचा दुसऱ्या भागाशीं मेळ पाहावयाचा आहे. या कामास 'स्कीमाट्रॉन' ही भाषा योग्य. रिक जेलिफ यांनीं ती १९९९ सालीं काढली व २००६ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचा बाणाच निराळा. ती सांगाडा सांगत नाहीं, विधानें तपासते: 'अमुक असेल तर तमुक असलेंच पाहिजे.'

एक विधान आपणच करून पाहूं. शके व संवत्सर यांचा मेळ असतो. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवावे, बेरजेस ६० नीं भागावें. जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. बाकी शून्य आल्यास साठावा, म्हणजे क्षय. आमच्या उदाहरणांत १७७० अधिक १२ म्हणजे १७८२. भागून बाकी ४२. आणि बेचाळिसावा संवत्सर कीलक. मेळ बसला. राज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळवून भागिलें असतां बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा आनंद. तेथेंही बरोबर. आतां नकलेंत कोणी १७७० ऐवजीं १७१० वाचलें, तर बाकी पुन्हा ४२ च येईल! अंतर नेमकें साठ वर्षांचें असलें कीं ही कसोटी फसते. १७७० चें १७७९ झालें असतें, तर मात्र बाकी ५१ येऊन चूक ताबडतोब उघडी पडली असती. म्हणून तपासणाराला एकाच विधानावर विसंबून चालत नाहीं. मजकुरांतील माणसांचा काळ जुळतो कीं नाहीं, हें दुसरें विधानही लागतें.

केवळ सांगाडा सांगणाऱ्या भाषांस असा दोन भागांतील हिशेब करतां येत नाहीं. स्कीमाट्रॉनचे आणखी दोन गुण येथें उपयोगी पडतात. दोष सांपडल्यास कोणतें वाक्य दाखवावयाचें तें आपणांस ठरवितां येतें. तें शुद्ध मराठींत असूं शकतें: 'शके व संवत्सर जुळत नाहींत. मूळ कागद पुन्हा पाहावा.' दुसरें, तिच्यांत नियमांचे गट करून त्यांस टप्प्यांचीं नांवें देण्याची सोय आहे. पहिल्या वाचनाच्या वेळीं थोडे नियम जागे ठेवावे, अंतिम वाचनाच्या वेळीं सर्व जागे करावे. पायऱ्यांची कल्पना या भाषेंत मुळांतच आहे.

तिसरी पायरी: नोंदवही

आतां कागद यंत्राच्या नोंदवहींत चढावयाचा आहे. यंत्र चतुर असलें तरी समजूतदार नसतें. आंकडा म्हणून दिलेली वस्तु आंकडाच असली पाहिजे, तारीख तारीखच असली पाहिजे. ही शिस्त 'एक्सएमएल स्कीमा', संक्षेपानें 'एक्सएसडी', या भाषेंत उत्तम आहे. २ मे २००१ रोजीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तींत माहितीचे १९ मूळ प्रकार व त्यांवरून सिद्ध केलेले २५, मिळून ४४ प्रकार तयार दिलेले आहेत. पूर्ण तारखेचा एक प्रकार, केवळ वर्षाचा दुसरा, वर्ष-महिन्याचा तिसरा. सारांश, ज्या कागदाचें वर्षच कळतें, त्यास दिवस चिकटविण्याची येथेंही गरज नाहीं. योग्य प्रकार निवडावा म्हणजे झालें.

मराठी लिहिणारांनीं येथें एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. या भाषेस आंकडे म्हणून रोमन लिपीबरोबर चालणारेच अंक मान्य आहेत. देवनागरी '१८४८' हें तिच्या लेखीं चार अक्षरें होत. यास्तव मूळ मिती देवनागरींत जशीच्या तशी एका खुणेंत राहूं द्यावी, व तिच्याशेजारीं यंत्रासाठीं इसवी सन वेगळ्या खुणेंत लिहावा. तें रूपांतर करण्याचें काम तपासणी झालेल्या, जाणत्या हाताचें आहे. पहिल्या पायरीवरील मुलाचें नव्हे.

गांवाच्या व तालुक्याच्या नांवांची ठराविक यादी देऊन 'यांतीलच एक निवडा' असेंही एक्सएसडींत सांगतां येतें. हें सोयीचें आहे, पण त्यांत एक खांच आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं वेल्हे तालुक्यास 'राजगड' असें नांव देण्याचा निर्णय घेतला. समजा यादींत एकटें 'वेल्हे' आहे. मग नवा कागद नाकारला जाईल. एकटें 'राजगड' आहे. मग जुना कागद नाकारला जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुन्या कागदांतील शब्दच कोणी बदलून टाकील. यादी नोंदवहीपुरती ठेवावी व दोन्ही नांवांचा संबंध तेथें दाखवावा. मजकुरांतील 'वेल्हे' मात्र वेल्हेच राहिलें पाहिजे. शिवाय राजगड हें किल्ल्याचेंही नांव आहे. किल्ला व तालुका यांस वेगळ्या खुणा नसतील, तर यंत्रास त्यांतील भेद कळणार नाहीं.

चौथी पायरी: छपाई

मुद्रणाच्या पायरीवर कागदाचें रूप ठरून गेलेलें असतें. खुणा थोड्या, क्रम पक्का, अपवाद नाहींत. येथें सर्वांत जुनी भाषा 'डीटीडी' अद्याप उपयोगी पडते. ती एक्सएमएलच्या मूळ व्याख्येंतच आहे. कागदाच्या शिरोभागींही ती लिहितां येते. आणि वारंवार येणाऱ्या लांब मजकुरास छोटें नांव देण्याची सोय तिच्यांत आहे. जुनीं मुद्रणयंत्रें व जुने कार्यक्रम तिलाच ओळखतात. परंतु तिच्या दृष्टीनें तारीख, आंकडा व नांव हीं सारखींच. सर्व नुसती अक्षरें. म्हणून नवें काम आरंभणारानें तिच्या एकटीच्या भरंवशावर राहूं नये.

सैल आधीं, घट्ट मागाहून, असेंच नेहमीं काय?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, पहिली पायरी सैल व पुढील पायऱ्या उत्तरोत्तर घट्ट, असा हा नियम झाला. तसें नाहीं. शास्त्रीय नियतकालिकांतील लेखांसाठीं 'जॅट्स' नांवाची खुणांची पद्धति जगभर वापरतात; २०१२ सालीं ती अमेरिकेंत मानक ठरली. तिचे तीन संच आहेत. अनेक प्रकाशकांकडून येणारे लेख सांठवून ठेवण्यासाठीं जो संच आहे तो सर्वांत सैल. प्रकाशनासाठीं असलेला त्याहून घट्ट. आणि लेखकानें नवा लेख लिहितांना वापरावयाचा संच सर्वांत घट्ट. आमच्या उदाहरणाच्या अगदीं उलट!

कारण शोधलें तर विरोध नाहींसा होतो. नवा लेख लिहिणारास स्वतःचें नांव, संस्था व लेखाची मांडणी ठाऊक असते. त्याला काटेकोर प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. सांठवणारापुढें मात्र दुसऱ्याचे तयार कागद येतात. ते त्यास बदलतां येत नाहींत, स्वीकारावेच लागतात. आपला मोडी कागद हाही दुसऱ्याचा, गेलेल्या माणसाचा कागद आहे. तेव्हां खरी कसोटी पायरीच्या क्रमाची नसून उत्तराची आहे. नियम लावण्यापूर्वीं विचारावें: 'या पायरीवर बसलेल्या माणसास याचें उत्तर खरोखर ठाऊक आहे काय?' ठाऊक असेल तर सक्ती करावी. नसेल तर जागा मोकळी ठेवून प्रश्न पुढच्या पायरीकडे पाठवावा.

चार भाषांचे चार नियम एकमेकांशीं भांडूं लागले तर मोठी पंचाईत होते. एकीनें 'गांव' म्हणावें व दुसरीनें 'खेडें' म्हणावें, असें होतां कामा नये. त्यासाठीं खुणांची मुख्य व्याख्या एकाच ठिकाणीं लिहावी व तीवरून बाकीचे सांगाडे काढावे. जुने ग्रंथ व कागद यंत्रावर उतरविणाऱ्या विद्वानांची 'टीईआय' ही पद्धति असेंच करते. तिच्या एका मूळ लेखावरून डीटीडी, रिलॅक्स एनजी व एक्सएसडी असे तिन्ही सांगाडे निघतात. तांत्रिक पुस्तकांसाठीं असलेल्या 'डॉकबुक' पद्धतीची पांचवी आवृत्ति रिलॅक्स एनजीनें सांगाडा सांगते व जें त्यांत सांगतां येत नाहीं तें स्कीमाट्रॉनवर सोंपविते. लहान शाळेच्या वहीसही हाच मार्ग बरा: एक सांगाडा, एक तपासणी, बाकीच्या भाषा गरज पडेल तेव्हां.

शेवटचे चार शब्द

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या नांवाचा, जन्माचा, जमिनीचा कोणताही कागद होतांना तो कोणत्या पायरीवर आहे हें विचारावें. चूक नोंदीच्या पायरीवर असतांना दुरुस्ती सोपी असते; प्रमाणित झाल्यावर तिलाच कचेऱ्यांचे हेलपाटे पडतात. आणि माहीत नसलेली गोष्ट 'माहीत नाहीं' म्हणून सांगण्यास संकोच करूं नये.

विद्यार्थ्यांनीं या सुटींत तीन गोष्टी कराव्या. घरांतील एका जुन्या कागदाची जशीच्या तशी नक्कल उतरावी व न लागलेल्या अक्षरांवर खूण करावी. कागदावर शके व संवत्सर दोन्ही असल्यास वर सांगितलेल्या रीतीनें मेळ पाहावा. आणि ज्यांच्या जन्मतारखेपुढें '१ जून' लिहिलें आहे, अशा घरच्या वडील माणसाजवळ बसून, त्यांच्या जन्माविषयीं त्यांच्या आईनें काय सांगितलें होतें तें विचारून लिहून ठेवावें. दाखल-पुस्तकांत ज्या हकीकतीला जागा मिळाली नाहीं, तिला आपल्या वहींत तरी जागा मिळो.